पॅकेज पाठवलंय, कोणी बघतंय का?

(काळा पडदा. टर्मिनल उघडं आहे, कर्सर लुकलुकतोय.)

रात्रीचे दीड वाजलेत आणि कोणीतरी आपलं पहिलं सॉफ्टवेअर पॅकेज आत्ता पाठवून दिलंय. पगार नाही, डेडलाइन नाही, कोणी सांगितलंही नव्हतं. रोज लागणारं एक छोटंसं टूल डेबियनमध्ये (लिनक्सवरची एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) सापडत नव्हतं, दरवेळी सोर्स कोड उतरवून कंपाइल करायचा कंटाळा आला, मग म्हटलं आपणच करून टाकू की पॅकेज, हाकानाका. त्यात तीन वीकेंड गेले. आता मेल गेलाय आणि दर दहा मिनिटांनी इनबॉक्स उघडून बघणं चालू आहे.

ही गोष्ट त्या मेलच्या पलीकडे बसलेल्या माणसाची आहे.

आधी पटकन एक सांगून टाकतो. प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा, त्याला अपस्ट्रीम म्हणतात, आणि तो प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर एका कमांडमध्ये बसावा, बाकीच्या हजारो गोष्टींशी भांडू नये, अपडेट वेळेवर यावा हे सगळं बघणारा वेगळा, तो मेंटेनर. पहिल्याचं नाव निदान वेबसाइटवर तरी असतं. दुसऱ्याची आठवण काहीतरी मोडलं की मगच येते.

(जुनी मेल स्क्रीनवर, साधी अक्षरं.)

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉक नावाच्या कॉलेजातल्या मुलानं डेबियनची घोषणा केली, आणि तेव्हापासून हा सगळा पसारा स्वयंसेवकच ओढतायत. २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म रिलीजमध्ये ६४,४१९ पॅकेजेस होती. अपलोडचे पूर्ण हक्क असलेले अधिकृत डेव्हलपर किती, तर हजाराच्या आसपास. करा भागाकार. (एका सोर्समधून दोन-चार पॅकेजेस निघतात त्यामुळं हा भागाकार थोडा फसवा आहे, कबूल, पण तरीही.) म्हणजे नवीन माणसं लागतातच, हौस म्हणून नाही, गरज म्हणून.

नवीन माणूस येतो कसा? आधी एक बग नोंदवतो, की मी या टूलचं पॅकेज करणार आहे. हो, बगच. डेबियनमध्ये जे नाही ते नसणं हासुद्धा बग धरतात, मला ही गोष्ट फार आवडते. यानं दोन जण एकाच वेळी एकच काम करत बसत नाहीत. मग पॅकेज बनवायचं, लिंटियन नावाच्या प्रोग्रॅमकडून तपासून घ्यायचं, तो शंभर खोड्या काढतो, त्या निस्तरायच्या. मग स्पॉन्सर शोधायचा, कारण नवख्याला थेट अपलोड करता येत नाही, हक्क असलेल्या कोणीतरी ते वाचून स्वतःच्या डिजिटल किल्लीनं सही करून पुढं पाठवायला लागतं. त्यानंतरही नवीन पॅकेजेसची वेगळी रांग आहे, तिथं परत एकदा लायसन्स तपासतात.

लायसन्सपाशी तर अर्धे लोक गळतात. कॉपीराइट नावाची एक फाइल असते, तिच्यात कुठली फाइल कोणाची आणि कुठल्या अटींवर, सगळं लिहायचं. वाटतं सोपं, पण त्या टूलमध्ये कोणीतरी कुठूनतरी उचललेली एक जावास्क्रिप्ट फाइल असते, एक फाँट असतो, एक आयकॉन असतो ज्याचा मालक कोण ते देवाला ठाऊक, आणि तुम्ही उगाच त्या अपस्ट्रीमवाल्याला मेल करत बसता की बाबा हे चित्र कुठून आणलंस. कंटाळवाणं आहे? आहेच. पण १९९७ पासून डेबियननं फ्री सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याचे नियम लिहून ठेवलेत, आणि ते सांभाळायचे तर हे कोणीतरी करायलाच हवं.

आता स्पॉन्सरकडून येणारं उत्तर.

वाईट उत्तर तुम्हीही कधीतरी बघितलं असेल. "पॉलिसी मॅन्युअल वाचा." संपलं. माहिती म्हणून बरोबरच आहे, पण मॅन्युअल लांबलचक आहे आणि चूक त्यात कुठल्या पानावर सापडेल ते सांगायला दोन मिनिटं लागली असती. त्याहून वाईट म्हणजे काहीच न येणं. नकार आला तर माणूस चिडतो, भांडतो, कधीकधी सुधारून परतही येतो. शांतता असली की तो गुपचूप निघून जातो आणि त्याचा हिशोब कुठेच राहत नाही.

चांगलं उत्तर गोडच असतं असं नाही. "बिल्ड करायला काय काय लागतं त्या यादीत एक नाव राहिलंय, स्वच्छ वातावरणात बिल्ड करून बघा म्हणजे दिसेल. वर्णनाची पहिली ओळ छान जमलीये. आणि एक विचारायचं होतं, अपस्ट्रीमनं बऱ्याच वर्षांत रिलीज काढलेला नाही, उद्या यात सिक्युरिटीचं भोक सापडलं तर बुजवायला तुम्ही असाल का?"

हा शेवटचा प्रश्न बऱ्याच प्रोजेक्टमध्ये विचारतच नाहीत, नवा माणूस घाबरेल म्हणून. माझं उलटं मत आहे. पॅकेज करायला तीन वीकेंड लागतात पण सांभाळायला वर्षानुवर्षं, आणि हे पहिल्याच दिवशी न सांगता नुसतं "या या" म्हणणं ही शुद्ध फसवणूक आहे.

दार सताड उघडं ठेवायचीही पद्धत आहे. जावास्क्रिप्टवाल्यांचं पॅकेजांचं कोठार आहे एनपीएम, तिथं खातं काढा, कमांड मारा, पॅकेज जगभर. आर्च या दुसऱ्या लिनक्सच्या यूजर रिपॉझिटरीतही कोणीही टाकू शकतं, फक्त तिथं स्पष्ट सांगितलेलं असतं की स्क्रिप्ट वाचून मगच चालवा, जबाबदारी तुमची. वेग मस्त मिळतो. पण २०१६ च्या मार्चमध्ये एका लेखकानं वादावादीतून आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली, त्यात लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक होतं, आणि त्या अकरा ओळींपायी कुठले कुठले मोठे प्रोजेक्ट बिल्ड होईनात.

(स्क्रीनवर एसएसएच लॉगिन, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये शिरणं. अर्धा सेकंद उशीर.)

आणि मग २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा इंजिनिअर डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे अजून घडत असलेल्या, आवृत्तीवर काहीतरी मोजत होता, लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपण कोणी बघितलंही नसतं. त्यानं माग काढला आणि २९ मार्चला जाहीर केलं की एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार घातलेलं आहे. घालणारं नाव होतं जिया टॅन. खरा कोण ते आजही उघड झालेलं नाही. पण आला होता तो कसा, तर स्वयंसेवक म्हणून. २०२१ पासून पॅच, म्हणजे कोडमधले छोटे बदल, पाठवत होता, नम्रपणे, नेटानं. एक्सझेडचा मूळ मेंटेनर (इथं अपस्ट्रीमच मेंटेनरही) एकटाच, थकलेला, आणि त्यावर काही अनोळखी नावांनी तगादा लावलेला की पॅच नुसते पडून आहेत, दुसरा मेंटेनर घ्या ना. त्यानं घेतला. डेबियनमध्येसुद्धा नवीन आवृत्ती लवकर घ्या म्हणून कोणा भलत्याच नावानं स्पॉन्सर मागितला होता, वर सांगितलेल्या त्याच रीतसर मार्गानं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी नवख्यांकडे संशयानं बघणं सुरू झालं, आणि ते समजण्यासारखं आहे, पण मला वाटतं इथं रोगाचं निदान चुकतंय. एक्सझेड पडलं ते अनोळखी माणूस आत आला म्हणून कमी आणि आतला माणूस एकटा होता म्हणून जास्त. त्याच्यासोबत आणखी तिघं जण पॅच वाचायला असते तर तो तगादा चाललाच नसता. आणि ते तिघं कुठून येणार? असेच, रात्री दीड वाजता पहिलं पॅकेज पाठवणारे.

म्हणून सह्या, दोन जणांची तपासणी, सोर्समधून परत बिल्ड करून तेच बाइट्स येतात का बघणं, हे सगळं सगळ्यांनाच लागू ठेवायचं, जुन्या मेंटेनरलाही. मग नवख्याला वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही.

सोडून जाण्याचीही डेबियनमध्ये सोय आहे, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. वेळ नसेल तर पॅकेज अनाथ म्हणून जाहीर करायचं, चक्क हाच शब्द, आणि कोणीतरी ते दत्तक घेतं. कोणी तोंड लपवायची गरज नाही. नोकरी बदलते, मूल होतं, कंटाळाही येतो.

(इनबॉक्स. एक न वाचलेला मेल.)

नऊ दिवसांनी उत्तर आलंय. चार दुरुस्त्या, एक कौतुक, एक प्रश्न. तीही रात्र दुरुस्त्यांत जाते. मग सही होते, रांग सरकते, आणि चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, पहिली नोंद पडते: पहिलं प्रकाशन, अमुक बग बंद.

(फाइल वर सरकते. नोंदी वाढत जातात. तारखा बदलतात.)

काही वर्षांनी त्याच फाइलमध्ये वर एक नोंद दिसते, खाली वेगळंच नाव. नवीन मेंटेनर, असं लिहिलंय.