एमबीए करायचं? आधी ही वही बघा

चवथीला घरात सगळे जमले की पदवी झालेल्या मुलांना हमखास विचारतात, "मग आता एमबीए ना?" विचारतात ते मायेनेच. पण कर्जाच्या कागदावर सही तुमची असते, म्हणून आज वही घेऊन बसलेय.

(वही कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा. 15 लाखांचं कर्ज, व्याज 10 टक्के, फेड 10 वर्षांत. हप्ता बसतो साधारण 19,800 रुपये आणि बँकेला जातात जवळपास 24 लाख. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. आता ही खालची ओळ, जी बरेच जण लिहीतच नाहीत: आज गोव्यात वेर्ण्याला एखाद्या कंपनीत महिना 25 हजार पगार असेल, तर एमबीएच्या दोन वर्षांत 6 लाखांवर पाणी सोडावं लागतं. तेही खर्चातच धरा.

माझ्या मावसबहिणीला एमबीएनंतर वर्षाला 9 लाखांचं पॅकेज मिळालं. घरी पेढे वाटले. रात्री आम्ही दोघींनी ते ऑफर लेटर ओळ न् ओळ वाचलं. 1 लाख 20 हजार कामगिरीवर अवलंबून. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीसुद्धा त्याच 9 लाखांत मोजलेली. दरमहा हातात यायचे 58 हजार, त्यातून हप्ता आणि मुंबईतलं भाडं. तिने बेरीज दोनदा करून पाहिली.

तरीही तिचा निर्णय बरोबरच होता. तिला मार्केटिंगमध्ये, मोठ्या कंपनीच्या ब्रँडवर काम करायचं होतं, आणि अशा जागा बऱ्याचदा कॅम्पसवरूनच भरतात. तुम्हाला हवी ती नोकरी एमबीएशिवाय खरंच मिळत नाही का, हे आधी शोधा. हॉटेलात वर चढायचं असेल किंवा घरचा धंदा वाढवायचा असेल, तर आधी दोन-तीन वर्षं काम करा, असंच मी सांगेन.

आता गोव्याचं. साखळीचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट 1993पासून आहे. तिथे मिळतो तो पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा, कारण एमबीएची पदवी द्यायची तर विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्था लागते. नोकरीत त्याने सहसा अडत नाही. पण मोठ्या पगाराच्या जागा मुख्यतः मुंबई, बेंगळुरूकडे, म्हणजे घर सोडायची तयारी हवी. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठाच्या गोवा बिझनेस स्कूलमध्ये एमबीए आहे, फी कितीतरी कमी. आणि बँकेत जाण्याआधी गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या बिनव्याजी कर्जाच्या अटी वाचा. आपल्याकडच्या कितीतरी घरांना त्याची खबरच नसते, याचं मला फार वाईट वाटतं.

कॉलेज सरासरी पॅकेज सांगेल. तुम्ही मीडियन विचारा. दोन-चार जणांना 30 लाख मिळाले की सरासरी फुगते, मीडियन म्हणजे सगळे पगार कमी-जास्त क्रमाने लावले की बरोबर मधल्या मुलाचा पगार. मग तुमच्यासारखीच पदवी घेऊन तिथे गेलेला, मागच्या बॅचचा एक जण गाठा आणि पहिल्या महिन्यात खात्यात नेमके किती पडले ते विचारा. तो आकडा इथे, हप्त्याच्या शेजारी लिहा.