सोड, काचेवर येऊ दे!

(दृश्य : डिसेंबरची पहाट. धुरकट काच. एक हात जुन्या टॉवेलने ती पुसतोय.)

नागपुरात थंडी पडली की खेळायच्या आधी एकाला हे काम करावंच लागतं. काचेवर दव राहिलं तर चेंडू उसळत नाही, घसरून पायाशी बसतो. मे महिन्यात बरोबर उलटं. पारा 45 ला टेकतो, चेंडूतली हवा तापते आणि तोच चेंडू अंगावर धावून येतो. म्हणून उन्हाळ्यात इथली मंडळी एकतर सूर्य उगवायच्या आत खेळतात, नाहीतर रात्री जेवणं आटोपल्यावर.

खेळाचं नाव पॅडल, काचेच्या भिंतींत चौघांनी खेळायचं टेनिससारखं काहीतरी. कोर्ट 20 मीटर लांब, 10 मीटर रुंद. मागे तीन मीटर काच, तिच्यावर आणखी मीटरभर जाळी. नेट मधोमध जेमतेम 88 सेंटीमीटर. बॅटला तारा नसतात, भोकं असतात. तिची दोरी मनगटात अडकवणं सक्तीचं आहे, कारण एवढ्याशा जागेत चार जण असतात आणि घामेजल्या हातातून सुटलेली बॅट कुणाच्या तोंडावर जाईल, सांगता येत नाही.

(आवाज : बुटांखाली कचकचणारी वाळू. मग एक ओरडा.)

"कायले मारून राह्यला बे? सोड न! काचेवर येऊ दे!"

या कोर्टवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द हाच. सोड. आपण बहुतेक जण बॅडमिंटन आणि गल्लीतल्या क्रिकेटवर वाढलो. तिथे चेंडू मागे गेला म्हणजे गेला. इथे तो जमिनीवर टप्पा घेतो, मागच्या काचेवर आदळतो आणि परत आपल्याकडे येतो. दुसरा टप्पा पडायच्या आत मारला की झालं. मात्र समोरच्याने टप्प्याशिवाय थेट आपल्या काचेवर मारला, तर गुण आपला.

काच आली कुठून? 1969 साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्क्वेरा यांनी घरच्या जागेत भिंती असलेलं कोर्ट बांधलं. त्यांचे मित्र आल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी 1974 साली हा खेळ स्पेनमधल्या मार्बेयाला नेला. म्हणून फटक्यांची नावं आजही स्पॅनिश. आपल्या तोंडी ती जरा वाकतात, एवढंच.

बंदेजा घ्या. खरा उच्चार बांदेखाच्या जवळ जातो. आपल्याकडे मात्र साडीच्या दुकानात आल्यासारखं बंदेजाच म्हणतात. अर्थ आहे ट्रे. पोह्यांच्या प्लेटा भरलेला ट्रे घेऊन गर्दीतून वाट काढणारा पोऱ्या पाहिलाय? तळहात वर, खांद्याच्या जरा पुढे, आणि तर्रीचा थेंब सांडू द्यायचा नाही. हात तसाच ठेवायचा. डोक्यावरून येणारा चेंडू जोरात हाणायचा नाही, बॅटचं तोंड थोडं आभाळाकडे ठेवून कापायचा, खोल टाकायचा.

(दृश्य : संथ गतीत तोच फटका. चेंडू काचेला लागून गुडघ्याएवढाही उठत नाही.)

नवख्याचा गोंधळ इथेच होतो. त्याला वाटतं, एवढा सोपा चेंडू आणि स्मॅश का नाही? कारण अर्धवट जोराचा स्मॅश काचेवरून छान उसळून समोरच्याच्या हातात जातो आणि आपण नेटजवळून हटलेलो असतो. पॅडलमध्ये नेट ज्याचं, खेळ बहुधा त्याचा. बंदेजाने गुण क्वचितच मिळतो, पण जागा राखली जाते. मला विचाराल तर या खेळातला हा सगळ्यात शहाणा फटका आहे, आणि शिकायला सगळ्यात कंटाळवाणा.

त्याची तापट बहीण म्हणजे विबोरा, घोणस. हात तसाच वर, पण चेंडूच्या कडेला झटका देऊन फिरकी द्यायची, म्हणजे काचेला लागल्यावर तो भलतीकडेच वळतो.

मागे अडकलेल्यांकडे दोन हत्यारं. ग्लोबो म्हणजे उंच लॉब. तो नेटवरच्या दोघांना मागे पळवतो. दुसरी चिकिता, म्हणजे छोटीशी. हळूच, नेटला घासून, समोरच्याच्या बुटांवर. तो वाकून उचलतो तोवर आपण पुढे. काचेवरून उंच आलेला चेंडू वरून खाली मारला की बहादा. स्वतःच्याच काचेवर मारून चेंडू पलीकडे पाठवला की कोंत्रापारेद. हा शेवटचा बहुधा नाइलाजाने मारतात आणि ठरवून मारल्यासारखा चेहरा करतात.

सर्व्हिस खालूनच. आधी टप्पा, मग कंबरेच्या उंचीपर्यंतच फटका, तिरक्या चौकोनात. टप्प्यानंतर काचेला लागली तर चालते, जाळीला लागली तर फॉल्ट.

आणि हो, पोर त्रेस, म्हणजे तीनवरून. स्मॅशचा चेंडू टप्पा घेऊन बाजूच्या तीन मीटर उंचीवरून कोर्टबाहेर. टाळ्या यालाच पडतात.

(दृश्य : ऊन वर आलंय. मघाचाच गडी मागे उभा. उंच ग्लोबो येतो.)

बॅट वर गेली. बाकीचे तिघेही ओरडले, "सोड!"

त्याने सोडला. चेंडूने टप्पा घेतला, काचेच्या वरच्या कडेला चाटून जाळीत शिरला आणि मेल्यासारखा सरळ खाली पडला.

"आता?" त्याने मागे वळून विचारलं. "आता बोला न बे!"