दात काढल्यानंतरची पोकळी

श्रोतेहो, नमस्कार. दाढ काढून चार-पाच वर्षे लोटल्यावर पक्का दात बसवायला येणाऱ्याला आधी हाड भरावे लागेल आणि त्यानंतर सहा महिने थांबावे लागेल असे सांगितले, की डॉक्टर उगाच काम लांबवतो आहे असा संशय त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. आज त्या सहा महिन्यांविषयीच बोलणार आहे.

जबड्याचे दाताभोवतीचे हाड दातामुळेच टिकते. दात गेला की ते झिजू लागते. पहिल्या वर्षात त्याची रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या ३ महिन्यांतच होते. पक्का दात ज्यावर बसतो, ते इम्प्लांट म्हणजे हाडात रोवलेले धातूचे कृत्रिम मूळ. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले टायटॅनियमचे इम्प्लांट टिकले, ते हा धातू हाडाशी एकजीव होतो म्हणून. मुळात हाडच नसेल, तर तो एकजीव कशाशी होणार?

म्हणून हिरडी उघडून झिजलेल्या जागी हाडाचे कण भरतात. रुग्णाच्या रक्तात भिजवलेले हे कण वाटीत जाड रव्यासारखे दिसतात. ते रुग्णाच्याच जबड्यातून घेतलेले, कृत्रिम किंवा गुरांच्या हाडावर प्रक्रिया करून केलेले असतात. यांतले कोणते वापरणार हे डॉक्टरांनी न विचारताच सांगावे, असे माझे मत आहे. कणांवर कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पडदा अंथरतात, कारण हिरडी हाडापेक्षा वेगाने वाढते आणि मोकळीक मिळाली तर हाडाची जागा बळकावते. आपल्या गोव्यातल्या खाजन शेतांत बांध खारे पाणी अडवतो आणि आत भात पिकते, तसेच हे आहे. पडदा काही आठवड्यांनी विरघळतो. हाड मात्र सावकाश धरते, म्हणून ते सहा महिने. वरच्या दाढांच्या जागी सायनसची, म्हणजे गालामागची हवेची पोकळी खाली उतरलेली असेल, तर तिचे अस्तर अलगद उचलून खाली कण भरावे लागतात, आणि तिथे कधी कधी नऊ महिनेही लागतात.

हिरडी पातळ असेल, तर टाळूवरच्या मांसाची पातळ पट्टी घेऊन तिथे शिवतात. टाळूची जखम आठवडा-दोन आठवडे झोंबते. त्या दिवसांत तिखट हुमण नको, पेज बरी. साखर आटोक्यात नसेल किंवा विडी-तंबाखू चालू असेल, तर हे सारे फसण्याची शक्यता वाढते.

बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जा किंवा गावातल्या दवाखान्यात, दाढ काढायच्या आधीच एक प्रश्न विचारा: “डॉक्टर, ही पोकळी आजच भरून ठेवता येईल का?” प्रत्येक वेळी उत्तर हो येईलच असे नाही. जंतुसंसर्ग असेल, तर थांबावेही लागते.