आग्वादचा तुरुंग कुणाच्या खात्यात?

(दृश्य : समुद्रातून सिकेरीचा किनारा, पर्यटकांची होडी)

डॉल्फिन दाखवायला निघालेली होडी आग्वादच्या या तटाजवळून जाते. होडीवाला हात करून सांगतो, 'हा जुना सेंट्रल जेल.' सगळे फोन वर करतात. खाली पाण्याला भिडलेला चिऱ्याचा तट, वर टेकडीवर किल्ला आणि १८६४ सालचं दीपगृह. पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये हा किल्ला पुरा केला तो डचांच्या धास्तीने. मांडवीच्या मुखात शिरणारं जहाज तोफेच्या टप्प्यात यावं आणि आपल्या जहाजांना गोडं पाणी मिळावं, यासाठी ही जागा निवडली.

(दृश्य : व्हरांडा, कोठड्यांची रांग, एका दाराचे गज जवळून)

आता या गजांना नवा रंग आहे. खालचा चिरा मात्र जुनाच, हात लावला की खरखरीत. सप्टेंबर १९४६च्या अखेरीस राममनोहर लोहियांना कुळे स्थानकावर पकडून आग्वादला आणलं. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात सभा घेऊन गेलेले लोहिया दुसऱ्यांदा गोव्यात येत होते. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे सत्याग्रहींची तुकडी घेऊन हद्द ओलांडून आले. पाठोपाठ खासदार त्रिदिब चौधरी आणि मधू लिमये. लांबलचक शिक्षा झाल्या, आणि १९५७ उजाडेपर्यंत यांची सुटका झाली नाही. सिंधुदुर्गात, बांद्याच्या बाजूला, या सत्याग्रहींना जेवू घालून पाठवलेली माणसं घरोघर होती. म्हणून हा तुरुंग एकट्या गोव्याचा नाही.

१९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. तुरुंग तसाच चालू राहिला, तोही २०१५ पर्यंत. मग कैद्यांना कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवलं.

(दृश्य : रेईश मागूशचा किल्ला, तिथून दिसणारी पणजी)

मांडवीच्या याच काठावर थोडं आत रेईश मागूश आहे. तिथला तुरुंग १९९३ मध्ये बंद झाला. नंतर कित्येक वर्षं तिथे झाडोरा वाढत राहिला. हेलन हॅमलिन ट्रस्ट, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि गोवा सरकार एकत्र आले, डागडुजी झाली, आणि २०१२ मध्ये किल्ला लोकांना खुला झाला. आग्वादला एवढी वाट पाहावी लागली नाही. केंद्राच्या स्वदेश दर्शन योजनेतून काम झालं आणि १९ डिसेंबर २०२१ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन.

(दृश्य : पर्वरीची विधानसभा, बाहेरून)

आता मुद्द्याची गोष्ट. कैदी होते तोवर जागा तुरुंग खात्याची. डागडुजीच्या वेळी ती पर्यटनाची. जुन्या वास्तूंची काळजी पुरातत्त्व खात्याची. शेवटी चालवायला दिली खासगी कंपनीकडे, पर्यटन विकास महामंडळामार्फत. आमदाराने तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारायचा तर आधी ठरवायचं, कुणाला? चुकीच्या मंत्र्याकडे गेला तर 'हा विषय या खात्याचा नाही' एवढ्यावर काम भागतं. पावसाळी अधिवेशनात खर्चाच्या मागण्या खात्याखात्याने चर्चेला येतात. पर्यटनाच्या दिवशी शॅक, पार्किंग आणि दलाल यांतच वेळ संपतो. तुरुंगांच्या दिवशी कोलवाळ. आग्वाद दोन्हींच्या मधून निसटतो.

किनाऱ्यावरच्या आमदाराची यादी आम्हाला ठाऊक आहे. कांदोळी-कळंगुटचा अरुंद रस्ता, कचरा, सांडपाणी, मोसमात तुटणारं पाणी. हे सगळं खरं आहे आणि लोक त्यासाठीच मत देतात. पण रस्ता पुढच्या वर्षीही करता येतो. कैद्यांच्या नोंदवह्या एकदा हरवल्या की हरवल्या.

(दृश्य : अंगणात मांडलेलं व्यासपीठ, दिव्यांच्या माळा)

आता इथे संगीताचे कार्यक्रम होतात. वर्दळ असते. कोणत्या कोठडीत कोण होतं, हे इथे आलेल्या पोराला दारावरच वाचता यायला हवं.

गोव्याच्या विधानसभेत शुक्रवार अशासकीय ठरावांचा असतो. मंत्री नसलेला कुणीही आमदार आग्वादचा ठराव आणू शकतो, सत्तेतला असो वा विरोधातला. मागणी साधी आहे. कंपनीशी झालेला करार सभागृहाच्या पटलावर ठेवा. पोर्तुगीज काळातल्या आणि १९६१ नंतरच्याही नोंदी पुराभिलेख खात्यात, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या खात्यात, आणून त्यांची सूची करा. एक दालन १९६१ ते २०१५ या चोपन्न वर्षांतल्या साध्या कैद्यांसाठी आणि पहारेकऱ्यांसाठी राखा, कारण त्यांच्याबद्दल अजून कुणी काही विचारलेलंच नाही. आणि या वास्तूचा जबाब एका खात्याने द्यावा, त्याचं नाव ठरावातच लिहा.

(दृश्य : पर्वरीचं फाटक, अधिवेशनाच्या दिवशी आत शिरणाऱ्या गाड्या)