हिरव्या रेषेचा भाव

[दृश्य: इंग्लंडचा नकाशा. मोठ्या शहरांभोवती हिरवे पट्टे उमटत जातात.]

लंडन, बर्मिंगहॅम, मँचेस्टर, ऑक्सफर्ड, केंब्रिज. या शहरांना वेढून बसलेला हिरवा रंग म्हणजे ग्रीन बेल्ट. इंग्लंडची सुमारे 12 ते 13 टक्के जमीन त्यात येते. इथे नवं घर बांधायला परवानगी मिळणं महाकठीण.

हिरवा म्हटलं की कुरणं आणि राया डोळ्यांपुढे येतात. नियमात मात्र वेगळंच लिहिलंय. शहराची अस्ताव्यस्त वाढ रोखणं, शेजारची दोन शहरं एकमेकांत मिसळू न देणं, गावाकडच्या जमिनीवरचं अतिक्रमण थांबवणं, जुन्या शहरांचं रूप जपणं, शहरातल्याच पडीक जागा वापरायला भाग पाडणं. उद्दिष्टं ही एवढीच. जमीन देखणी असली पाहिजे, अशी अट कुठेच नाही. गोल्फची मैदानंही या पट्ट्यात आहेतच.

[दृश्य: जुनी चित्रफीत. रस्त्याकडेला एकसारख्या घरांची रांग.]

ही रेषा उगाच आखली गेली नाही. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये 40 लाखांच्या आसपास घरं उभी राहिली. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी त्यांच्या रांगा शेतांत शिरत गेल्या, इतक्या की 1935 साली त्या रोखायला वेगळा कायदा करावा लागला. 1947 च्या कायद्याने बांधकामाला परवानगी सक्तीची झाली. 1955 मध्ये मंत्री डंकन सँड्स यांनी लंडनबाहेरच्या स्थानिक प्रशासनांनाही असे पट्टे आखायला सांगितलं.

शेतं वाचली. घरांची गरज मात्र संपली नाही, ती पट्टा ओलांडून पुढे गेली. केंब्रिजपासून साधारण 15 किलोमीटरवर, पट्ट्याच्या बाहेर, 1998 पासून केम्बोर्न नावाची वसाहत उभी राहत गेली. रेल्वे स्टेशन नाही. कामाला केंब्रिजला जायचं तर रस्त्यानेच, मधला हिरवा पट्टा ओलांडून.

आता पैशाचं बोलू, कारण खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. इंग्लंडमध्ये हेक्टरभर शेतजमीन वीस-पंचवीस हजार पौंडांना मिळते. त्याच जमिनीवर घरं बांधायची परवानगी मिळाली, की भाव पुष्कळदा दहा लाखांच्या वर जातो. मातीत काही बदललेलं नसतं, कागदावर सही झालेली असते. मग रेषेला लागून असलेलं शेत आज ना उद्या बांधकामाला खुलं होईल, या आशेवर लोक वर्षानुवर्षं थांबतात. आणि गावाच्या वाट्याला काय? गर्दीचा रस्ता, भरलेली शाळा. गाव विरोध करतं त्याला स्वार्थी म्हणणं सोपं आहे.

[दृश्य: स्टीव्हनेज, 1946.]

विरोध तेव्हाही होता. लंडनच्या उत्तरेकडच्या स्टीव्हनेजला सरकारने आखून वसवायचं पहिलं ‘नवं शहर’ ठरवलं गेलं, तेव्हा सभेसाठी आलेले मंत्री लुईस सिल्किन यांच्या गाडीच्या टायरची हवा लोकांनी सोडली आणि स्टेशनवर ‘सिल्किनग्राड’ अशी पाटी लावली. सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनच्या नावाचं स्टालिनग्राड तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होतं! पण तिथे एक गोष्ट वेगळी होती. जमीन सरकारी विकास महामंडळाने शेतीच्या भावाच्या आसपास घेतली, त्यामुळे वाढलेली किंमत शहराच्याच कामी आली. 1959 मध्ये तिथे खास पायी फिरण्यासाठी बांधलेली, वाहनमुक्त बाजारपेठ सुरू झाली.

पुढे हे दार बंद झालं. 1961 च्या भूमी भरपाई कायद्यानुसार, सक्तीने जमीन घ्यायची तर पुढे मिळू शकणाऱ्या परवानगीची किंमतही मालकाला मोजावी लागू लागली. 2023 च्या कायद्याने त्याला फट पाडली, तीही परवडणारी घरं, शाळा, दवाखाने अशा मोजक्या कामांपुरती.

डिसेंबर 2024 पासून पट्ट्यातल्या काही जमिनीला, म्हणजे आधीच बांधकाम झालेल्या किंवा पट्ट्याच्या उद्दिष्टांना फारसा हातभार न लावणाऱ्या जमिनीला, ‘ग्रे बेल्ट’ म्हणतात. तिथे बांधकामाची वाट सोपी झाली. बदल्यात परवडणाऱ्या घरांचा वाटा स्थानिक नियमातल्या टक्केवारीत आणखी 15 मिळवून ठेवायचा, मर्यादा 50 टक्के. वाढलेल्या किमतीतलं काहीतरी परत मागायला सुरुवात झाली, एवढं त्यातून दिसतं. स्टीव्हनेजला मात्र ती जवळजवळ सगळीच मिळाली होती.