जुनी गाडी नवी करू नका

नमस्कार श्रोतेहो.

वाड्याच्या पडवीत, बंगल्यामागच्या शेडमध्ये नाहीतर मळ्यातल्या पत्र्याखाली ज्यांच्या आजोबांची फियाट, अँबॅसिडर किंवा विलीज जीप ताडपत्री पांघरून उभी आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. आपल्या नाशकात अशी घरं पुष्कळ आहेत. गाडी विकवत नाही, चालवता येत नाही, आणि मग एखाद्या दिवाळीला घरातला कुणीतरी उत्साहानं म्हणतो, चला, हिला एकदम नवी करून टाकू.

तिथेच मी हात जोडतो. गाडी दुरुस्त करा, जरूर करा, पण तिची ओळख पुसू नका. हे वाक्य आज मी पुन्हा सांगणार आहे.

पंचवटीतल्या एका डॉक्टरांच्या गाडीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, घरच्यांना ते आवडायचं नाही. गाडी म्हणजे डुक्कर फियाट. साठी ओलांडलेल्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर ती आलीच असेल. गोलमटोल अंग, पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, इंजिन 1089 सीसीचं. डॉक्टर या गाडीतून दिंडोरी-पेठच्या बाजूला व्हिजिटला जायचे, रात्री-अपरात्रीसुद्धा. डॉक्टर गेले आणि गाडी वाड्यात उभी राहिली ती राहिलीच.

पुढे नातवाचं लग्न ठरलं. वरात आजोबांच्याच गाडीतून काढायची, हा त्याचा हट्ट. हट्ट गोड होता, पण यादी मोठी होती. लाल मेटॅलिक रंग, अलॉय व्हील, आत एसी, सीटला नवं रेक्झिन. गाडी टोचन करून नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात आणली. तिथले टिनकाम करणारे उस्ताद, त्यांना सगळे चाचाच म्हणतात. त्या दिवशी मीही तिथे होतो. चाचांनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाले, "भाऊ, आधी धुऊ तर द्या."

धुतली. साधं पाणी, मऊ फडकं, घाई नाही. धूळ उतरल्यावर चाचा बॉनेटसमोर जे थांबले ते हलेनात. सगळी गाडी फिकट हिरवट आणि बॉनेट त्याहून अगदी एक छटा गडद. लांबून कळायचं नाही. चाचांनी बारीक वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, भिजवला आणि बॉनेटच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, बोटांच्या टोकांनी घासायला लागले. दोन-चार हात फिरवायचे, पाणी सोडायचं, पुसून बघायचं. वरचा रंग दुधासारखा ओघळत होता. थोड्या वेळानं खालून तांबडी रेघ दिसली. मग वळण दिसलं. मग वर चंद्रकोर. कुणा पेंटरनं ब्रशनं काढलेलं अक्षर, कडेला काळी सावली दिलेलं. 'डॉ'. त्याच्या पुढे 'क्ट' अर्धा.

नातवानं फोटो काढून घरी पाठवला. तासाभरात आजी रिक्षानं हजर. त्यांनी त्या अक्षराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मीच पुसायला लावलं होतं."

आजींनी सांगितलं ते असं. डॉक्टरांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी व्हिजिट बंद केल्या. पण गाडी रस्त्यावर आली की लोक बॉनेटवरचं 'डॉक्टर' वाचून आडवे यायचे. एकदा दोघं वणीला देवीच्या दर्शनाला निघाले होते, गाडी ड्रायव्हर चालवत होता. ढकांब्याच्या अलीकडे एक बाप तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन रस्त्यात उभा. डॉक्टरांना खाली उतरून त्याला सांगावं लागलं, मी आता तपासत नाही. मग त्याच गाडीत बाप-लेकराला घेतलं, गाडी वळवली आणि सिव्हिलला पोचवलं. दर्शन राहिलं. "ह्यांचा चेहरा मला बघवेना," आजी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावलं आणि बॉनेटला रंगाचा हात मारून घेतला. ह्यांना विचारलंसुद्धा नाही. हेही कधी काही बोलले नाहीत."

गॅरेजात मग मोठा वाद झाला. नातवाचे मामा पुण्याचे, जुन्या गाड्यांचे दर्दी. ते म्हणाले, वरचा रंग सगळा उतरवा, अक्षरंही पुसा, कारखान्यातून निघाली तशी गाडी झाली पाहिजे. नातू म्हणाला, अक्षरं पुन्हा ठसठशीत लिहून घेऊ. चाचांनी दोघांनाही नकार दिला. म्हणाले, "डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, आजींनी झाकलं. दोन्ही याच घरानं केलंय. मी कोण मिटवणारा?" बॉनेटवर ती तळहाताएवढी जागा उघडी ठेवली, तिच्यावर मेण चढवलं. बाकीच्या अंगाला हलकं रबिंग आणि पॉलिश. लाल मेटॅलिकचा विषय आपोआप संपला. गाडी आजही तशीच आहे, दीड अक्षर दाखवणारी.

मला विचाराल तर चाचांचं बरोबर होतं. कारखान्यातून निघाली तेवढीच गाडी अस्सल, असं मी मानत नाही.

आता कामाचं. ब्रेक, स्टिअरिंग आणि वायरिंग इथे हळवेपणा चालणार नाही. ब्रेकचे रबर कुजलेले असतात, ते बदला. वायरींवरचं कापडी आवरण झडलेलं असतं आणि तिथेच आग लागते. फ्लोअरचा पत्रा सडला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड करा, वरून पुट्टी थापून झाकू नका. पुट्टीखाली गंज वाढतच राहतो. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा रबरी पडदा त्याला टिकेल असाच घ्या, आणि उभ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका. आणि काढलेला एकही भाग भंगारात देऊ नका. हे पुन्हा सांगतो: काढलेला भाग भंगारात देऊ नका. चिठ्ठी बांधून डब्यात ठेवा. क्रोम थोडं उडालं असेल तर उडालेलं राहू द्या, पुन्हा चढवायचं तर जुनं घासून काढावं लागतं, आणि गेलेलं परत येत नाही.

सरकारचा नियमही हेच सांगतो. 2021 साली केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते, नव्या नंबरात व्हीए ही अक्षरं असतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. अट अशी, की चासी म्हणजे खालचा सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही, पण प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यासाठी रस्त्यावर काढता येते. म्हणजे बघा, हौसेनं नवं इंजिन बसवलंत तर ही वाट बंद. म्हणून म्हणतो, ओळख पुसू नका.

एक शेवटचं, पावसाळ्यासाठी. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. दमट हवेत ब्रेकचे लायनर, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, चाकातल्या ड्रमला चिकटतात आणि मग चाक हलत नाही. गाडी गिअरमध्ये टाका, चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि पुन्हा सुरू करण्याआधी दगड काढायला विसरू नका.

नमस्कार.