तंजावरच्या भिंतीवर आदळलेलं वर्तुळ

(दृश्य: तंजावरचं बृहदीश्वर मंदिर. खालून वर, शिखरापर्यंत.)

1808 साल. तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजीराजे भोसले आहेत. पाचच वर्षांपूर्वी, 1803 मध्ये, त्यांनी आपल्या घराण्याची बखर याच मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतली आहे. आणि आता त्याच मंदिराच्या उंच विमानावर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरावर, कंपनी सरकारचा एक भूमापक दोरखंड-कप्प्या लावून एक यंत्र चढवतो आहे. त्याचं नाव विल्यम लॅम्बटन.

देवळावर यंत्र कशाला? कावेरीच्या खोऱ्यात नजर जाईल तिथवर भातखाचरं आणि ताडामाडांची दाटी. टेकडी औषधालाही नाही. लॅम्बटनचं काम म्हणजे त्रिकोणांची साखळी विणणं. एका उंच जागेवरून दुसऱ्या दोन जागांमधला कोन मोजायचा, मग पुढच्या जागी जायचं. 1802 च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळ त्यानं पहिली पायारेषा, म्हणजे साखळीतल्या पहिल्या त्रिकोणाची बाजू, जमिनीवर मोजली, ती शंभर फुटी पोलादी साखळीनं. डोंगराळ मुलखात टेकड्या कामी आल्या. इथे देवळांच्या शिखरांशिवाय उंच असं काहीच नव्हतं.

(दृश्य: पितळी वर्तुळ, त्यावरच्या बारीक रेषा, अगदी जवळून.)

हे यंत्र म्हणजे ग्रेट थिओडोलाइट, कोन मोजायचं मोठं यंत्र. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर दुकान असलेल्या विल्यम केरी या कारागिरानं ते घडवलं. वजन सुमारे अर्धा टन. हिंदुस्थानात येताना वाटेत ते फ्रेंचांच्या हाती लागलं, मॉरिशसला गेलं आणि तिथल्या गव्हर्नरनं ते सन्मानानं मद्रासला परत पाठवलं. लढाई चालू असतानाही शास्त्राच्या साधनाला शत्रूनं वाट करून दिली, ही त्या काळातली मला फार भावणारी गोष्ट.

यंत्राचा जीव त्याच्या आडव्या वर्तुळात. व्यास 36 इंच, म्हणजे 91 सेंटीमीटरच्या आसपास. कडेवर अंशांच्या आणि अंशांच्या भागांच्या रेषा, आणि त्या वाचायला सूक्ष्मदर्शक. कोन मोजायचा तो सेकंदापर्यंत. एका अंशात असे 3600 सेकंद. 36 इंची वर्तुळाच्या कडेवर एका सेकंदाची जागा भरते मिलिमीटरच्या सुमारे दोन हजारांश भागाइतकी. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा तीसएक जागा सहज मावतील. आणि तेवढी चूक 40 किलोमीटरवर जवळजवळ वीतभर होते.

अशा रेषा ओढायच्या कशा? अठराव्या शतकात जॉन बर्डसारखे लंडनचे कारागीर हातानं, लांब कंपासनं, वर्तुळ विभागत. खोलीचं तापमान बदलू नये म्हणून कामाच्या वेळी माणसांची गर्दी होऊ देत नसत, कारण अंगाच्या उबेनंही पितळ फुगतं. पुढे जेसी रॅम्सडेननं विभाजन यंत्र बांधलं. त्याच्या चाकाला 2160 दाते, आणि दात्यांत अडकवलेल्या स्क्रूचा एक पूर्ण फेरा म्हणजे बरोबर दहा मिनिटांचा, अंशाच्या सहाव्या भागाचा, कोन. लहान वर्तुळं झपाट्यानं होऊ लागली. अगदी मोठ्या वर्तुळांसाठी मात्र तयार नजर आणि सावकाश चालणारा हात यांवरच भरवसा ठेवला जाई. एडवर्ड ट्राउटननं अशा विभागणीची आपली नवी रीत 1809 मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडली, आणि तिला कोप्ली पदक मिळालं. दुकानदार कारागिराला शास्त्रज्ञांच्या सभेनं दिलेला हा मान होता.

(दृश्य: दोरखंड, कप्पी, दगडी भिंत. मंदिराच्या माथ्याकडे जाणारा कॅमेरा.)

तर तंजावर. यंत्र पेटीसकट वर चाललं आहे. वर ओढणारा दोर वेगळा, आणि भिंतीपासून लांब ताणून धरणारा आडदोर वेगळा. तो आडदोर सुटला. यंत्र झोका खाऊन दगडी भिंतीवर आदळलं. पेटी कामी आली नाही. वर्तुळ अगदी हळू सरकवणारा बारीक आट्यांचा स्क्रू आणि त्याची पकड यांवर घाव बसला, आणि तिथून तो वर्तुळात शिरला. कडा वेडीवाकडी झाली, आरे वाकले.

लंडनला पत्र जायला महिने, नवं यंत्र घडायला महिने, ते आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून यायला आणखी महिने. लॅम्बटननं स्वतःच दुरुस्तीला हात घातला. ती हकिगत पुढे त्याच्या मागून हे काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टनं लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळते.

लॅम्बटननं स्वतःला तंबूत कोंडून घेतलं. लष्कराच्या कारखान्यातल्या मुख्य कारागिरांशिवाय कुणालाही आत मज्जाव. यंत्र पार सुटं केलं. एका मोठ्या सपाट फळीवर हव्या त्या मापाचं वर्तुळ कोरून काढलं. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून पितळी कडा थोडी थोडी बाहेर ओढत त्या वर्तुळाला भिडवत नेली. पितळ लवचिक असतं. दाब काढला की ते काही अंशी मागे सरतं. म्हणून एकदा ओढून भागत नाही, थोडं ओढायचं, सोडायचं, पाहायचं, पुन्हा ओढायचं. वाकलेले आरे लहान लाकडी हातोड्यांनी ठोकून सरळ केले. लोखंडी हातोडीनं पितळ दबून पसरलं असतं, आऱ्याची लांबी बदलली असती, आणि एकाही आऱ्याची लांबी बदलली की केंद्र सरकलंच.

सहा आठवड्यांनी वर्तुळ जवळपास मूळ आकारावर आलं. “जवळपास” हाच शब्द बरोबर आहे. रेषांमधली अंतरं लंडनहून निघाली तशी राहिली नव्हती. त्यावर उपाय मोजण्यात शोधायचा: समोरासमोरच्या सूक्ष्मदर्शकांतून रेषा वाचायच्या आणि सरासरी काढायची, म्हणजे केंद्र सरकल्याची चूक बरीचशी कटते. वर्तुळ फिरवून तोच कोन दुसऱ्या रेषांवर घ्यायचा, म्हणजे एका जागच्या दोषाचं वजन घटतं. यंत्र सदोष आहे हे धरूनच भूमापक वहीत आकडे मांडतो. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाचं हेच वाटतं: तंबूतली ठोकाठोक आणि वहीतली सरासरी मिळून ती दुरुस्ती पूर्ण झाली. त्या लाकडी हातोड्या धरणाऱ्यांची नावं हकिगतीत नाहीत. ती हवी होती.

(दृश्य: हिंगणघाटचा परिसर.)

हेच यंत्र घेऊन काम उत्तरेकडे सरकत राहिलं. 20 जानेवारी 1823 रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला लॅम्बटनचं निधन झालं. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडे जाणाऱ्यानं वाट वाकडी करून पाहावी अशी ती जागा आहे.

पुढची सूत्रं एव्हरेस्टकडे आली. तंजावरच्या आघाताच्या खुणा अंगावर असलेलं हे जुनं यंत्र त्याला सलत होतं. तो विलायतेला गेला आणि 1830 मध्ये ट्राउटन आणि सिम्स यांच्या कारखान्यातली नवी यंत्रं घेऊन परतला. सोबत हेन्री बॅरो हा कारागीरही कलकत्त्याला आला. दुरुस्तीसाठी दर वेळी समुद्र ओलांडायचा नाही, हे ठरलं होतं.

(दृश्य: कामाच्या टेबलावर कानशी, पाणसळ, सुटे केलेले स्क्रू.)

पण कलकत्त्यात आधीपासून एक माणूस होता. सय्यद मीर मोहसीन हुसेन, मूळ अर्काटचा. मद्रासकडे जवाहिऱ्याचं आणि घड्याळांचं बारीक काम करणारा. सर्व्हेअर जनरल, म्हणजे कंपनीच्या भूमापनाचा प्रमुख, व्हॅलेंटाइन ब्लॅकरनं त्याचा हात ओळखला आणि त्याला कलकत्त्याला आणलं. घड्याळाच्या कामातून यंत्राकडे येणं तेव्हा स्वाभाविकच होतं. दोन्हीकडे दाते, आटे आणि धुऱ्या, आणि दोन्हीकडे झीज ओळखणारी बोटं लागतात. बॅरोचं एव्हरेस्टशी बिनसलं, तो गेला, आणि मोठ्या वर्तुळांचं नाजूक काम मोहसीन हुसेनकडे आलं. कुणाची मुक्तकंठानं स्तुती करणं एव्हरेस्टच्या स्वभावात नव्हतं. या माणसाबद्दल त्यानं ती केली.

1843 मध्ये कंपनी सरकारनं बॅरोच्या जागी, गणिती यंत्रांचा कारागीर म्हणून, मोहसीन हुसेनची नेमणूक केली. पगार मात्र बॅरोपेक्षा कमी दिला.